मदत हवी आहे: व्हिएन्नात एकटीचा गुरुवार, एक चित्र आणि एक केक

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये लेकीकडे म्युनिकला जाते आहे. तिचं ऑफिसचं काम तीन दिवस व्हिएन्नात आहे, म्हणून मीही सोबत. गुरुवारचा अख्खा दिवस मी एकटी. लेक म्हणते, "आई, ती फिरती बस घे, सगळं बघून होईल." मला सगळं बघायचंच नाहीये.

२०१८ मध्ये एका टूरबरोबर युरोप 'केला' होता. ११ दिवसांत ७ देश. व्हिएन्नाचं कलासंग्रहालय, कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, चालत्या बसमधून दाखवलं. "डावीकडे बघा!" मी उजव्या खिडकीत होते.

आता थोडं पाल्हाळ. मी २४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एका जुन्या कॅलेंडरचं पान पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावलं होतं: पीटर ब्रॉयगलचं 'मुलांचे खेळ', १५६० सालचं. चौकभर पसरलेली दोनशेच्या वर पोरं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. ऑफ तासाला मुलांना खेळ शोधायला लावायचे. आंधळी कोशिंबीर, चाक पळवणारे, डोक्यावर उभा राहिलेला एक, हे पटकन सापडायचे. एकदा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, खाली डाव्या कोपऱ्यात दोघी सागरगोटे खेळतायत." हाडांचे का होईना, सागरगोटेच! मला इतकी वर्षं ते दिसलंच नव्हतं. पुढे भिंतीला ओल आली आणि पान खराब झालं ते नेमकं त्याच कोपऱ्यात.

तर मूळ चित्र या म्युझियममध्ये आहे. माझे प्रश्न:

एकाच म्युझियमला पूर्ण दिवस देणं वेडेपणा होईल का? तिकीट वीस युरोंच्या वर आहे. चित्रासमोर बसायला काही असतं का? गुडघे तासभरही उभं राहू देत नाहीत.

तिथे घुमटाखाली कॅफे आहे म्हणे. एकटीने एक केक घेऊन तासभर बसलं तर वेटर तोंड वाकडं करतात का? (अंड्याचं विचारू नका, केकमधलं अंडं मी मोजत नाही.) यजमानांनी ऐकूनच हिशेब केला, "तेवढ्यात इथे किलोभर केक येईल." येईल की. पण तो घुमटाखाली कसा येईल?

शेवटचं. पाहुण्यांसाठी चॉकलेटं, मॅग्नेटं अशी यादी तयार आहे, माझ्या नावासमोर काहीच नाही. त्या चित्राची मोठी छापील प्रत घ्यायची आहे. गुंडाळी केबिन बॅगेसोबत नेऊ देतात का?

प्रतिसाद १

ताई, मी ९ वर्षं व्हिएन्नात राहतो. गुरुवार उत्तम निवडलात, त्या दिवशी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. दुपारी बाहेर पडून बागेत पाय मोकळे करायचे असतील, तर त्याच तिकिटावर परत सोडतात का, हे आधीच दारावर विचारून घ्या. ब्रॉयगलच्या दालनात बसायला आसनं आहेत. चित्र लाकडी फळ्यांवरचं आहे, जेमतेम ११८ बाय १६१ सेंटिमीटर. त्यामुळे कोपरा बघायला जवळ जावंच लागेल, वाचायचा चष्मा विसरू नका. त्याच दालनात 'बर्फातले शिकारी' (१५६५) आहे, तेही बघा. जिना चढताना वर खांबांच्या मधे पाहा, इथल्या प्रसिद्ध चित्रकाराचं, क्लिम्टचं, तरुणपणीचं काम आहे. जायच्या आधी वेबसाइटवर खात्री करा, कधीकधी चित्रं दुसरीकडे प्रदर्शनाला जातात.

केकचं म्हणाल तर इथे कॉफीसोबत पाण्याचा पेला देतात आणि माणसाला विसरून जातात. बिल मागितल्याशिवाय कोणी उठवणार नाही.

प्रतिसाद २

साखरटोर्ट घ्या. नावात साखर असून फार गोड नाही. चॉकलेटचा केक, आत जर्दाळूचा जॅम. सोबतचं फेटलेलं क्रीम बिनसाखरेचं असतं, ते नको म्हणू नका.

धागाकर्ती

दोघांचे आभार. तिकीट काढलं! लेकीला संध्याकाळी ६ ला तिथेच बोलावलंय, बघू तिला सागरगोटे सापडतात का. केकचा दुसरा तुकडा तिच्यासोबत.

गुंडाळीचं मात्र कोणीच सांगितलं नाही. कोणी नेलीय का विमानात?