रविवारचा खजिना शोध, टिटवी आणि पुढचा प्लॅन

डी-२०३
नमस्कार सगळ्यांना, काल पुण्याच्या वेताळ टेकडीवर, फोनच्या जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायच्या खेळाला आपल्या सोसायटीतली २१ मुलं आणि ९ मोठी माणसं आली, सगळे सुखरूप घरी पोचले, पोहे पुरले. पण तिसऱ्या टप्प्यावर जे झालं ते इथे लिहायलाच हवं कारण ती जागा मी ठरवली होती. फोनवरचा बाण पायवाट सोडून डावीकडच्या माळाकडे दाखवत होता, मुलं सरळ गवतात शिरली आणि एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत इतकी ओरडायला लागली की माझी लेक जागच्या जागी थांबली आणि हात आडवे करून तिने बाकीच्यांना अडवलं. तिच्या बुटापासून वीतभरावर ४ अंडी. घरटं असं काही नाहीच, मुरमात उथळ खळगा, भोवती बारीक खडे आणि अंडी त्या खड्यांसारखीच मातकट, काळे डाग असलेली. मी स्वतः वाकून बघत होते तरी दोनदा नजरेतून सुटली. आम्ही आलो तसे एकामागे एक मागे फिरलो. माझं सरळ म्हणणं आहे, पुढचा शोध करूया पण झाडीत आणि गवतात एकही डबा ठेवायचा नाही.

ए-१०४
ताई, तुम्ही लगेच सांगितलंत हे बरं केलंत. पण डबाच नाही तर खजिना कसला, माझा नातू रात्री झोपेपर्यंत पहिल्या डब्यातल्या भिंगाबद्दल बोलत होता

बी-३०२
मुलं कॅश कॅश म्हणत होती, मला वाटलं पैसे ठेवलेत की काय. ते काय आहे नक्की, कोणीतरी नीट सांगा ना

सी-५०१
आजी, कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा, त्यात पैसे नसतात. एक पाणी न शिरणारा डबा, आत एक छोटी वही आणि बारीकसारीक वस्तू. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथे परत. मी मुलाकडे अमेरिकेत पोर्टलंडला राहिलो तेव्हा त्याने मला जवळच्या बीव्हरक्रीकला नेलं होतं, जिथून हे सगळं सुरू झालं. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं, सामान्य माणसाच्या यंत्रावर १०० मीटरपर्यंत फरक यायचा, ती त्या दिवशी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी तिथल्या झाडीत एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश रेखांश इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत दोघांनी शोधून काढली. आत पुस्तकं, गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा डबा होता. आता तिथे पाटी बसवली आहे, उंच सूचिपर्णी झाडं, ओल्या मातीचा वास, मी बराच वेळ तिथे उभा होतो. आणि ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो, आजच्या नियमात खायची वस्तू ठेवायची नाही कारण वासाने प्राणी येतात, आणि जमीन खणून पुरायचं तर अजिबात नाही. म्हणजे त्या पहिल्या बादलीतून लोक शिकतच गेले.

बी-३०२
किती छान सांगितलंत भाऊ

सेक्रेटरी
माझी काळजी वेगळी आहे. दुसऱ्या टप्प्याचा डबा काल मिळालाच नाही, आज सकाळी कळलं की रोज फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी तो कचरा समजून उचलून खाली आणला होता. त्यांची काही चूक नाही, ते टेकडी साफ ठेवतात म्हणून आपण तिथे जाऊ शकतो. पण उद्या कोणी चिकटपट्टी गुंडाळलेला डबा बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना कळवला तर? पुढच्या वेळी वनखात्याला आधी लेखी पत्र द्यायचं, मी स्वतः घेऊन जाईन.

डी-२०३
दादा पत्र नक्की देऊया. आणि आजोबा, डब्याची मजा जाणार नाही, ऐका. काल आपण केलं त्याला मल्टी म्हणतात, म्हणजे पहिल्या जागी दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, असं शेवटपर्यंत. पण मधल्या जागी डबाच लागतो असं नाही, जे तिथे आधीपासून आहे त्यावरूनच आकडा काढायचा. पायवाटेवरच्या ठरावीक चढाला दगडी पायऱ्या किती, पाटीवरच्या सालाचा शेवटचा आकडा कोणता, अमुक बाकाला पट्ट्या किती. ते आकडे सूत्रात घातले की पुढचे अक्षांश रेखांश तयार. मला तर हेच जास्त आवडतं कारण डबा असला की मुलं फक्त डबा शोधतात, दगडाखाली हात घालतात, झुडपं ओरबाडतात, आणि विंचूकाट्याची भीती वेगळीच. आकडा शोधायचा म्हटलं की थांबून बघावं लागतं. एक प्रश्न पळसाचा ठेवूया, एका देठावर पानं किती. पळसाला पानं तीनच हे शाळेत पाठ केलेलं असतं, ते हातात धरून मोजलेलं किती जणांनी? फक्त पान तोडायचं नाही.

ए-६०३
देवळापाशी घंटा मोजायला लावूया

डी-२०३
घंटा नको रे, कोणी नवस फेडला की एक वाढते आणि आपलं सगळं गणित चुकतं. जे वर्षभर बदलणार नाही तेच घ्यायचं

ए-६०३
बरोबर. मग गणिताचं मी करतो. आपल्याकडचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटं आणि पुढे दशांशात तीन आकडे असा लिहायचा, मुलांनी फक्त ते शेवटचे तीन काढायचे. शेवटचा आकडा एकने चुकला तर दोन मीटरही फरक पडत नाही, मधला चुकला तर साधारण १८ मीटर आणि पहिला चुकला तर १८५ मीटर, म्हणजे गट पार भलतीकडे जाईल. त्यासाठी प्रश्नांबरोबरच सगळ्या आकड्यांची बेरीज देऊन ठेवू, ती जुळली नाही तर पुढे निघायचंच नाही, परत मोजायचं. आणि काल खाणीजवळ बाण का नाचत होता तेही बघितलं, उपग्रहाचा सिग्नल उभ्या कातळावर आपटून येतो म्हणून फोन फसतो, दाट झाडीखाली पण तसंच. मोकळ्यावर फोन ४-५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. त्यामुळे खाणीच्या कडेला एकही टप्पा नको, तिथे तसाही धोका आहे.

सी-५०१
आणि प्रत्येक टप्पा पायवाटेवर उभं राहून सुटला पाहिजे, दोन पावलंसुद्धा आत नाही, हा नियम सगळ्यात वर लिहा

डी-२०३
हो काका, तोच माझा पहिला नियम. मार्च ते ऑगस्ट टिटवी जमिनीवरच अंडी घालते, गवतात चंडोल असतात, आपल्याला दिसत नाहीत म्हणून नसतात असं नाही. वाळक्या गवताला वणव्याची पण भीती, काडेपेटी कोणाच्याच खिशात नको.

ए-१०४
आणि शेवटचा डबा? तो हवाच

सेक्रेटरी
आजोबा, तो तुम्हीच घेऊन बसा की. शेवटचा पत्ता एका बाकाचा, बाकावर तुम्ही, मांडीवर पारदर्शक डबा आणि वही. मुलं सही करतील, भिंग बिंग काय ते घेतील आणि डबा तुमच्याबरोबर खाली. मागे काही उरत नाही, कोणाला संशय नाही.

ए-१०४
बसतो. ७ वाजता हजर. गुडघ्यामुळे वरपर्यंत चढ जमणार नाही, बाक खालच्या टप्प्यावरचा घ्या

ए-६०३
मग वाट उलटी लावू, वरून सुरू करून खाली आजोबांपाशी संपेल. उन्हाच्या आत उतरणं पण होईल

बी-३०२
मी राजगिऱ्याच्या वड्या करते, पण त्या खाली गेटपाशी देईन, डब्यात नको ना

डी-२०३
आजी चालेल, गेटपाशीच. कागदाचे तुकडे मुलांच्या खिशात राहतील हे मी बघते. आणि एक, आज सकाळी ६ ला मी आणि लेक गेलो होतो, पायवाटेवरूनच दुर्बिणीने बघितलं. आधी नुसते खडे दिसत होते, मग एक खडा हलला आणि लाल चोच दिसली. बसली आहे अंड्यांवर.