मदत हवी आहे: बेंच प्रेस करताना पाठ टेकवायची की कमान करायची?

धडपडी
नमस्कार मंडळी. गेले सात महिने वजनं उचलते आहे. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट बरं चाललंय, बेंच प्रेसपाशी (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) मात्र घोडं अडलंय. तेही हातांमुळे नाही, पाठीमुळे.

३० किलोला (२० चा बार, दोन्हीकडे ५-५) आठ रेप (आवर्तनं) आरामात होतात. ३५ ला चौथ्या-पाचव्या रेपपासून कंबर आपोआप उचलली जाते. मागच्या आठवड्यात ३७.५ लावले. शेवटच्या रेपला कुल्ले बेंचवरून सुटले, बार कसाबसा स्टँडच्या हुकांवर टेकवला आणि उठायला गेले तर कंबरेत उसण. दोन दिवस बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर बसावं लागत होतं.

एक प्रशिक्षक सांगतात, "कंबरेखालून हात गेला नाही पाहिजे, सगळी पाठ चिकटव." दुसरे म्हणतात, "कमान कर, छाती वर काढ." पहिल्यांचं ऐकलं की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला चमक येते, दुसऱ्यांचं ऐकलं की ही उसण. इकडे आड, तिकडे विहीर. नक्की कोणाचं खरं?

बारमाही
+१. मलाही हाच प्रश्न आहे, वाचतोय.

शांताराम२
आधी एक सांगा. दुखणं फक्त कंबरेत आहे की मांडीत, पोटरीत उतरतं? पायाला मुंग्या, बधिरपणा? असेल तर हा धागा बंद करून डॉक्टर गाठा. इथल्या कोणालाही तुमचा मणका दिसत नाही.

धडपडी
नाही, फक्त कंबरेत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. तिसऱ्या दिवशी पूर्ण गेलं.

लोखंडप्रेमी
मग बोलू. तुमचे दोन्ही प्रशिक्षक अर्धं अर्धं बरोबर आहेत. घोळ असा आहे की 'पाठ' म्हणताना दोघांच्या मनात पाठीचे वेगवेगळे भाग आहेत.

बेंचला चिकटायला हवी ती वरची पाठ, म्हणजे खांद्यांची पाती. त्याशिवाय डोकं आणि कुल्ले टेकलेले, दोन्ही पाय जमिनीवर. कंबर या यादीत नाहीच. तुम्ही नुसत्या उताण्या झोपलात तरी कंबरेखाली थोडी फट राहते, कारण मणका तिथे मुळातच आत वळलेला असतो. ती फट दाबून बंद केली की बरगड्या खाली बसतात, छाती सपाट होते आणि खांदे पुढे येतात. आता बार खाली आणलात की खांद्याच्या पुढच्या भागावर ताण. तुमची चमक बहुधा इथलीच.

पात्यांसाठी मी नव्या लोकांना एक गोष्ट करायला लावतो. पाण्याने भरलेल्या दोन जड बादल्या हातात आहेत असं समजून ताठ उभं राहायचं, छाती काढून. खांदे कानांपासून लांब जातात आणि पाती मागे जवळ येतात. हीच स्थिती घेऊन बेंचवर आडवं व्हायचं आणि सेट (सलग रेपची एक फेरी) संपेपर्यंत सोडायची नाही. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की हार. इथे ते टेकल्याशिवाय सुरुवातच नाही.

अर्धाकप
एवढं कशाला? पाय उचलून बेंचवर ठेवा, कंबर आपोआप सपाट होते. मी तसंच करते, कधी त्रास नाही.

लोखंडप्रेमी
हलक्या वजनाला चालतं. कंबर दुखत असताना काही दिवस तसं केलं तरी हरकत नाही. पण जमिनीचा आधार गेला की अंग डुलतं. बेंच जेमतेम ३० सेंमी रुंद आणि डोक्यावर लोखंड, त्यात डुलणं मला तरी नको.

पाठमोरी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द. कमानीला लोक उगाच घाबरतात. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन उठाबशा काढताना, बारचं वजन मणक्यातून खाली उतरतं. बेंच प्रेसमध्ये ते हातांतून खांद्यांत आणि तिथून सरळ बेंचमध्ये जातं. कंबरेवर बारचा भार जवळजवळ नसतोच. मग कंबर दुखते का? कारण मणक्यालगतचे स्नायू कमान धरून ठेवायला सेटभर आवळलेले असतात. कमान छातीच्या मागच्या मणक्यातून आली तर ते फार थकत नाहीत. सगळी कमान कंबरेतूनच ओढली तर पेटके येतात, उसण भरते.

आता माझा प्रश्न. उंची किती तुमची? आणि बेंचवर आडवं झाल्यावर टाचा कुठे असतात?

धडपडी
उंची १५२ सेंमी. टाचा... थांबा, मैत्रिणीने बाजूने काढलेला व्हिडिओ बघते.

बघितला. टाचा हवेत आहेत! नुसते चवडे टेकलेत, तेही गुडघ्यांच्या बरेच मागे. तिसऱ्या रेपला चवडा सरकतो, मी तो पुन्हा रोवते आणि त्याच क्षणी कंबर वर जाते. हा व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला असेल, पण दरवेळी बारकडेच बघत होते.

पाठमोरी
सापडलं मग. स्पर्धेच्या नियमात बेंचची उंची ४२ ते ४५ सेंमी असते आणि व्यायामशाळेतलेही साधारण तेवढेच असतात. तुमच्या उंचीला त्यावर टाचा टेकणं अवघडच. पाय मागे घेऊन चवड्यांवर आलात की मांडीचे पुढचे स्नायू ताणले जातात आणि ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं. कंबर त्याच्यामागे फरफटत जाते. तुम्ही कमान करत नव्हता, ती तुमच्याकडून होत होती.

पायाखाली काहीतरी घ्या. दोन रबरी प्लेटा (बारला लावायच्या वजनाच्या चकत्या), एकेका पायाखाली एक, टाच पूर्ण टेकेल इतक्या उंचीच्या. आणि पाय थोडे पुढे आणा.

शांताराम२
प्लेटा घेणं म्हणजे लबाडी, असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्पर्धांतही पायाखाली ३० सेंमीपर्यंत ठोकळे चालतात. कमानही चालते, फक्त डोकं, खांदे आणि कुल्ले सुटता कामा नयेत. तुमचा तो ३७.५ चा शेवटचा रेप तिथे बाद झाला असता. :)

मात्र २०२३ पासून त्यांनी एक अट घातली. बार छातीला टेकतो तेव्हा कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायला हवी. काही जण इतकी कमान करायचे की बार चार बोटं खाली आला की छातीला टेकलाच. मला ती अट पटते. तुम्हा-आम्हाला तेवढी कमान हवीय कशाला? छाती आणि दंड बळकट व्हायला बार पुरेसा खाली यायला हवा.

लोखंडप्रेमी
पाय नीट टेकले की एक चूक नक्की होणार, म्हणून आधीच सांगतो. लोक पायाने जोर वरच्या दिशेला लावतात, म्हणजे कुल्ले सुटणारच. जोर डोक्याच्या दिशेने लावायचा. टाचा रोवून अंग बेंचवरून डोक्याकडे सरकवायचंय, पण पाती रुतून बसल्यामुळे ते सरकत नाही, असा. गुळगुळीत टी-शर्ट असेल तर रेक्झिनवर खरोखरच सरकाल, सुती घाला.

आणि बार काढताना हुकांची उंची बघा. हुक उंच असतील तर बार सोडवायला खांदे वर ढकलावे लागतात आणि आवळून बसवलेली पाती पहिल्या रेपच्या आधीच सुटतात. मग कितीही बादल्या आठवा.

अर्धाकप
हे हुकांचं मला नवीन आहे. उद्या बघते.

धडपडी
तीन आठवड्यांनी परत आले.

पहिल्या दिवशी फक्त रिकामा बार घेतला आणि पायाखाली प्लेटा. इतकं वेगळं वाटलं की दुसऱ्याच कोणाचं अंग घेऊन आल्यासारखं. टाच टेकली की कंबर शांत होते, दुसरा शब्द नाही. फट आहे, तळहात जाईल एवढी, पण ती सेटभर तेवढीच राहते. हुक एक खाच खाली घेतले. पूर्वी बार काढताना कोपरं आधीच सरळ व्हायची आणि शेवटचं बोटभर अंतर मी खांद्यांनी ढकलत होते, हे आता कळलं.

बार आता छातीच्या खालच्या भागाला टेकतो, पूर्वी जवळजवळ गळ्याखाली उतरायचा. वर जाताना जरा मागे, खांद्यांच्या रेषेत येतो. कोपरं पूर्वीसारखी अंगापासून काटकोनात फाकत नाहीत. खांद्यातली चमक मागच्या पाच वेळांत एकदाच आली, तीही घाईत पाती न आवळता सुरुवात केली तेव्हा.

काल ३५ किलोचे सहा रेप, कुल्ले जागेवर. सकाळी उठून आधी नाडी बांधून बघितली.

'पाठ चिकटव'वाल्या प्रशिक्षकांना प्लेटा आवडलेल्या नाहीत, पण त्यांनी व्हिडिओ मागून घेतलाय. एकच अडचण उरली. चौथ्या-पाचव्या रेपला उजव्या पायाखालची प्लेट हळूहळू सरकते.

पाठमोरी
खाली रबरी चटई टाका. आणि ३७.५ ला जाल तेव्हा डोक्याशी कोणालातरी उभं करा, बार हुकांवरून काढून द्यायलाही तोच उपयोगी पडेल.

बारमाही
माझ्याही टाचा हवेत निघाल्या. उंची १८० सेंमी आहे, त्यामुळे बेंचला दोष देता येत नाही. पाय पुढे घेतो.