पार्किंगमधल्या पिकअपचं काय करायचं?

सुलभा कुलकर्णी (ए-102): काल परत रात्री साडेदहापर्यंत पार्किंगमध्ये रणजितच्या पिकअपवर ग्राइंडर चालू होता. मामंजींची तब्येत कशी आहे हे सगळ्यांना माहीत आहे तरी. आज सकाळी खाली गेले तर माझ्या ॲक्टिव्हाच्या सीटला ठिणग्यांनी भोकं पडलेली, फोटो टाकलाय बघा. आणि वेल्डिंग मशीनची वायर कुठं गेलीय तेही जाऊन बघा. सोसायटीच्या कॉमन मीटरला. सेक्रेटरी साहेब, हे असंच चालणार आहे का?

नलवडे काकू (सी-201): 🙏🌺 शुभ सकाळ सर्वांना 🌺🙏

विकी (सी-101): गाडी फोर बाय फोर झाली, चारी चाकं ओढायला लागली की रणजितदादा जिन्यानंच चौथ्या मजल्यावर नेणार, लिफ्टची कटकट नको 😂

देसाई (सी-302): लिफ्टचा विषय निघालाच आहे तर विचारतो, मेंटेनन्सवाल्याचे पैसे दिले का? मागच्या मीटिंगला काय ठरलं होतं?

पोवार सर (सचिव): देसाई साहेब लिफ्टचं वेगळं बोलू. रणजित, ग्रुपवर काय ते सांगा.

रणजित (ए-401): वहिनी सीट आज संध्याकाळच्या आत बदलून देतो, तुम्ही नको म्हणू नका. रात्रीचं काम बंद. पण बाकी लोकांनी जरा समजून घ्या, मी काय हौस म्हणून गाडी फाडलेली नाही. गगनबावड्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, रानातून गोठ्यापर्यंतचा रस्ता कच्चा, जुलैत तिथं मागची दोन चाकं जागेवर फिरत बसतात आणि दुधाचे कॅन गाडीतच राहतात, दरवेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागायचा, तोही त्याच्या चिखलणीच्या घाईत असतो. नवीन फोर बाय फोर पिकअपचे पैसे नाहीत. म्हणून जुन्या जीपचा पुढचा अख्खा ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांनाही ताकद देणारा डबा) भंगारातून आणलंय. पुढं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, टाकून बसवायचं.

सुलभा कुलकर्णी (ए-102): रस्त्याचं वाईट वाटतं. पण कॉमन मीटरचं?

देसाई (सी-302): आणि व्हिजिटर पार्किंगचं? माझे पाहुणे दोन रविवार बाहेर गटारावर गाडी लावतायत.

विकी (सी-101): देसाई काका तुमचे पाहुणे दर रविवारी येतात त्यांना आता मेंबरच करून घेऊ

देसाई (सी-302): वयाचा मान ठेवून बोलावं.

शिंदे काका (बी-203): रणजित, मी उद्यमनगरच्या वर्कशॉपांत उभी हयात काढली, पहिल्यांदा एक सांग. पुढच्या ॲक्सलचा क्राउन-पिनियन रेशो, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाच्या दातांचं प्रमाण, किती आणि मागचा किती? दात मोजलेस का?

रणजित (ए-401): काका अजून उघडला नाही. मिस्त्री म्हणतो बसेल.

शिंदे काका (बी-203): बसेल आणि चालेल यात फरक आहे. दात मोज.

ॲड. माने (बी-304): मला मध्ये पडावं लागतंय. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलंय. सीएनजी किट, दिव्यांग व्यक्तींसाठीचे बदल यांना सोय आहे, याला नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

रणजित (ए-401): मॅडम गावाकडं शंभर जीपा अशा फिरत्यात. कोण धरतंय?

ॲड. माने (बी-304): कोणी धरलं नाही म्हणून कायदेशीर होत नाही. ॲक्सिडेंट झाला की पहिल्यांदा विमावाले गाडीखाली वाकून बघतात. समोरच्याची भरपाई तुझ्या रानावर येईल. कलम 52 वाच.

सुलभा कुलकर्णी (ए-102): आणि कॉमन मीटर?

पोवार सर (सचिव): वहिनी, नोंद घेतली आहे. रणजितकडून विजेचे वेगळे पैसे घेऊ.

नलवडे काकू (सी-201): आज टँकर येणार आहे का हो?

शिंदे काका (बी-203): मी सकाळी दूध आणायला जाताना गाडीखाली बघून आलो म्हणून लिहितोय. गाडी सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर टेकवलीय. रणजित हे आत्ताच्या आत्ता काढ. तो ब्लॉक हळूहळू खचत नाही, एकदम फुटतो, आवाज यायच्या आत गाडी खाली. गाडी तोलणाऱ्या लोखंडी घोड्या लाव, चेसीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) दोन्ही बाजूला, मागची चाकं सरकू नयेत म्हणून ओट लाव. संध्याकाळी पोरं तिथं क्रिकेट खेळतात, बॉल गाडीखाली गेला की पोरगं पालथं पडून आत सरकतंय. माझा नातू पण असतो त्यात.

प्राची (बी-101): काय?? पोकळ ब्लॉकवर? आमचा आरव काल गेला होता खाली बॉल काढायला. रणजितदादा प्लीज हे पहिल्यांदा.

रणजित (ए-401): आत्ता खाली उतरलोय. घोड्या आणतोय मित्राकडनं. प्राची सॉरी गं, लगेच करतो.

पोवार सर (सचिव): मुलांना आज खाली पाठवू नये. सर्वांनी कृपया घरात सांगावे.

विकी (सी-101): रणजितदादा मी येतो खाली, जॅक माझ्याकडं पण आहे

शिंदे काका (बी-203): शाब्बास विकी. आता बाकीचं, कारण हा पोरगा मिस्त्रीच्या भरवशावर आहे. एक, याच्या गाडीला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डाव्या-उजव्या चाकाचे आर्म वेगवेगळे, आणि स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, चेसीला बोल्ट केलेला. अखंड ॲक्सल टाकला की तो पाट्यांवर सगळाच्या सगळा वरखाली होणार, चेसीवरचा रॅक तिथं चालत नाही, स्टिअरिंग बॉक्स लावून तिथनं चाकांपर्यंत ड्रॅग लिंक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, काढावी लागते. ती लिंक आणि पाटे एका लयीत हलले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. दोन, इंजिनाच्या खालची आडवी बीम, जिला आर्म धरलेत, ती कापल्याशिवाय ॲक्सलला वर यायला जागा मिळत नाही आणि ऑइल पॅन पण त्याच जागेत आहे. ती बीम इंजिनाचं वजन घेते. कापून नुसता तुकडा चिकटवला तर चेसी पिळवटणार, आणि चेसीवर जाड-पातळ पत्रा जोडणारा वेल्डर रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये मिळत नाही. तीन, किंगपिन, ज्याच्यावर पुढचं चाक वळतं तो, मागं किती झुकलाय ते बघून पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये पाचरीसारखं टेपर पॅकिंग टाकावं लागतं, ते चुकलं तर साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात, हात स्टिअरिंगवर राहत नाही. आणि पॅकिंगनं झुकाव सुधारायला गेलास की पिनियनचं तोंड खाली जातं, मग शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस झिजणार. हे सगळं एकमेकात गुंतलंय.

देसाई (सी-302): एवढा मोठा मेसेज कोण वाचणार

शिंदे काका (बी-203): ज्याला गाडी चालवायचीय तो वाचंल.

रणजित (ए-401): वाचला काका. दोनदा वाचला. पण मग मारुतीच्या जिमनीला, जिप्सीला पुढं अखंडच ॲक्सल आहे ना? महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपला पण. त्या चालतातच की रानात. भारी चालतात.

शिंदे काका (बी-203): चालतात कारण कारखान्यानं चेसी, स्टिअरिंग, ॲक्सल एकत्र बसवून काढलंय. अखंड ॲक्सल वाईट असं मी म्हणालोच नाही. दगडात एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबतं, वाकायला-तुटायला कमी, मिस्त्री कुठंही मिळतो. मला स्वतःला तोच आवडतो. पण दुसऱ्याच्या चेसीखाली घालताना सगळं जुळवायला लागतं. ट्रान्स्फर केसमधनं पुढचा शाफ्ट डावीकडनं निघतो का उजवीकडनं आणि ॲक्सलचा डिफ (क्राउन-पिनियनचा गोळा) त्याच बाजूला आहे का? रुंदी? जुन्या जीपचा ॲक्सल अरुंद, तुझी पुढची चाकं मागच्यांच्या आत जाणार. आणि परत विचारतो, रेशो?

ॲड. माने (बी-304): आणि हे सगळं जुळलं तरी कलम 52.

सुलभा कुलकर्णी (ए-102): माझा प्रश्न साधा आहे. कॉमन मीटर.

विकी (सी-101): वहिनी आणि मॅडम यांचे मेसेज पिन करून ठेवूया म्हणजे परत टाईप करायचा त्रास नको 🙏😂

सुलभा कुलकर्णी (ए-102): विकी तुझ्या पार्टीच्या स्पीकरची वायर गणपतीत कुठं लावली होती ते पण बोलू का?

विकी (सी-101): हा मेसेज डिलीट केला आहे

पोवार सर (सचिव): कृपया वैयक्तिक नको.

नलवडे काकू (सी-201): टँकरचं कुणी सांगतंय का

रणजित (ए-401): घोड्या लागल्या. चारी. ब्लॉक बाहेर काढले, विकी होता मदतीला. प्राची येऊन बघून जा. काका, दात कसे मोजू? मागचा पण उघडायला लागेल का?

शिंदे काका (बी-203): पुढचा सुटाच पडलाय ना, त्याचं झाकण खोल. क्राउनचे दात मोज, पिनियनचे मोज, भागाकार कर. मागचा उघडू नको. एक मागचं चाक जमिनीवर राहू दे, दुसरं उचल, गिअर न्यूट्रल, शाफ्टवर खडूनं खूण कर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फिरला ते विकीला मोजायला लाव. दोन फेरे कारण दुसरं चाक थांबलेलं असतं, तेव्हा आतला क्राउन निम्माच फिरतो.

देसाई (सी-302): व्हिजिटर पार्किंग कधी रिकामं होणार याचं उत्तर आलेलं नाही.

प्राची (बी-101): थँक्यू दादा, बघून आले. आता ठीक वाटतंय.

रणजित (ए-401): पुढं क्राउन 43, पिनियन 8. मागचा शाफ्ट चारला थोडा जास्त फिरतोय. चार पूर्ण आणि खूण जरा पुढं.

शिंदे काका (बी-203): 43 भागिले 8 म्हणजे 5.38. मागं 4.1 च्या आसपास, 41 आणि 10 दातांचा सेट असणार. रणजित, हे जुळत नाही बाबा. फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की ट्रान्स्फर केस पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधतो, दोन्ही एकाच गतीनं फिरणार. मागचं चाक 100 फेरे घेईल तेव्हा पुढचं 76 च घेणार. चिखलात एक जोडी घसरत राहील, आणि कडक जमिनीवर आलास की पहिल्याच वळणात काहीतरी तुटणार, क्रॉस, नाहीतर ट्रान्स्फर केसचं कव्हर. रेशो बरोबर असले तरी या असल्या ट्रान्स्फर केसवर कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावायचं नसतं, तुझ्या बाबतीत तर कुठंच लावता येणार नाही.

रणजित (ए-401): मग मागचा बदलून 5.38 केला तर?

शिंदे काका (बी-203): तर हायवेला इंजिन रडणार. पन्हाळ्याला जायचं म्हटलं तरी कान किटतील, डिझेल वेगळंच. पुढचा 4.1 करायचा तर त्या हाउसिंगला तो सेट मिळतोय का ते शोधायचं, डिफ नव्यानं बसवायचा, शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकून दात कुठं टेकतात त्याचा खूणठसा बघायचा. एवढे पैसे घालून वर मॅडम म्हणतात ते आहेच.

रणजित (ए-401): मिस्त्रीनं हे काहीच सांगितलं नाही. इतके पैसे गेले काका.

शिंदे काका (बी-203): काही गेले नाहीत. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, ॲक्सल हे तिन्ही एका गाडीचं आहे, त्यामुळं एकत्र विकलं तर जीपवाले धावत येतील, सुटं मात्र विकू नको. तुझी पिकअप अजून कापलेली नाही ना?

रणजित (ए-401): नाही, फक्त पुढचं सगळं उतरवलंय. बीमला हात लावला नाही. ठिणग्या पाट्यांच्या ब्रॅकेटच्या होत्या.

शिंदे काका (बी-203): मग देव पावला. परत जोड, अलाइनमेंट करून घे. ती विकून कारखान्यातूनच फोर बाय फोर आलेली जुनी पिकअप बघ, वर्ष मागचं चालेल. बघायला मी येतो. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचा गिअर, लागते का, पुढच्या चाकांचे हब धरतात का, खालनं चेसीला गंज किती, हे मी बघतो.

ॲड. माने (बी-304): हे मला पटलं. घेताना आरसीवरचं मॉडेल आणि प्रत्यक्ष गाडी एकच आहे ना ते मला दाखव, टू व्हीलची फोर व्हील करून विकणारे पण असतात. मी काही फी घेणार नाही.

रणजित (ए-401): बरं मॅडम. काका, रविवारी जमंल? एक गाडी कागलला आहे म्हणतात.

शिंदे काका (बी-203): सकाळी लवकर निघू, इंजिन गार असताना बघायचं. मालकाला फोन करून सांग, आम्ही यायच्या आधी स्टार्ट करून ठेवू नका म्हणावं.