घरातल्या वर्कशॉपसाठी कमी आवाजाचा डस्ट एक्स्ट्रॅक्टर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी घरीच लाकडी खेळणी आणि लहानसहान वस्तू बनवते, ठोकळे, गाड्या, फोटोफ्रेमा, कधीतरी एखादं स्टूल. वर्कशॉप म्हणजे घरातलीच एक खोली, भिंतीपलीकडे झोपायची खोली आणि खालच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड. कामाला निवांत वेळ मिळतो तो लेक झोपल्यावर. सध्या साधा वेट-ड्राय व्हॅक्यूम आहे, तो सुरू केला की शेजारच्या खोलीत कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. आणि सासूबाईंना दमा आहे त्यामुळे व्हॅक्यूम न लावता सँडिंग (लाकूड घासून गुळगुळीत करणं) करायचं हा पर्यायच नाही माझ्याकडे. म्हणून आवाज कमी पण बारीक धूळ खरोखर धरून ठेवणारं मशीन हवंय, ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

आधी धुळीबद्दल. जिगसॉ (कापायची छोटी करवत) आणि राऊटरचा (खाचा नि कडा कोरायचं मशीन) जाड भुसा ही अडचण नाहीच, तो खाली पडतो, झाडून गोळा करता येतो. खरा त्रास ऑर्बिटल सँडरचा, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनचा. २४० चा बारीक पॉलिश पेपर लावून बीचच्या तुकड्यावर जरा वेळ फिरवलं आणि खोलीतले दिवे बंद करून टॉर्च तिरका धरला की व्हॅक्यूमच्या मागच्या जाळीतून बारीक पांढरी धूळ बाहेर येताना स्पष्ट दिसते, म्हणजे पुढून ओढलेलं मागून परत खोलीत! एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापलं तर अजूनच वाईट. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे ‘थोडीशी धूळ, त्यात काय’ असं मला म्हणवत नाही.

वाचून जे समजलं त्यावरून युरोपियन मानकात डस्ट एक्स्ट्रॅक्टरचे एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत. एल वर्गाच्या मशीनमधून १ टक्क्यापेक्षा कमी धूळ निसटली पाहिजे, एममधून ०.१ टक्क्यापेक्षा कमी आणि एचमधून ०.००५ टक्क्यापेक्षा कमी. एम वर्गात आणखी एक मला फार आवडलेली सोय म्हणजे होजमधल्या (धूळ ओढणाऱ्या लवचिक पाइपमधल्या) हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की मशीन इशारा देतं, म्हणजे बॅग भरली किंवा फिल्टर चोंदला हे आपल्याला अंदाजाने ओळखावं लागत नाही. माझा कल एमकडेच आहे. पण घरात दमेकरी माणूस असताना सरळ एच घ्यावा का? की एमलाच हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) बसवून भागतं?

आता आवाज, आणि इथेच माझं घोडं अडलंय. माहितीपत्रकांतले डेसिबलचे आकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत, कारण कुणी कानाशी पोचणारा आवाजाचा दाब देतं तर कुणी मशीनची एकूण ध्वनिशक्ती देतं. ध्वनिशक्तीचा आकडा त्याच मशीनचा असूनही मीटरभर अंतरावर मोजलेल्या दाबापेक्षा साधारण ८ ने जास्त येतो, तो आकडाही मोकळ्या जागेतला, आमच्यासारख्या उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो ते वेगळंच. शिवाय १० डेसिबल कमी म्हणजे कानाला जवळपास निम्मा आवाज, त्यामुळे ६५ आणि ७५ मधला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. हा गोंधळ बघता मला आकड्यांपेक्षा तुमच्या कानांवर जास्त भरवसा आहे.

अगदी शांत मशीन हवं असा माझा हट्ट नाही. सँडरचा स्वतःचा आवाज आहेच, आणि व्हॅक्यूम त्याच्यापेक्षा १० डेसिबल खाली असेल तर दोन्ही मिळून आवाज अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी वाढतो, म्हणजे व्हॅक्यूम नसल्यातच जमा. रात्री मी राऊटर लावणार नाही, फक्त सँडिंग. मला सगळ्यात नकोशी वाटते ती छोट्या ब्रशवाल्या मोटरची चिरकी शिट्टी, ती भिंतीतून जाते आणि डोक्यातही जाते. घरगुती व्हॅक्यूममधल्या या मोटरी मिनिटाला २० हजारांच्या वर फिरतात त्यामुळे ती शिट्टी असणारच. मोठे बॅगवाले डस्ट कलेक्टर इंडक्शन मोटरवर चालतात, त्यांचा सूर खालचा असतो, पण ते हवा भरपूर आणि ओढ कमी अशा जातीचे, त्यांना १०० मिमीचा पाइप लागतो. सँडरच्या २७ किंवा ३५ मिमीच्या होजला त्यांचा उपयोग नाही, शिवाय जागा कुठून आणू.

स्पीड कंट्रोल मात्र मला हवाच आहे. सँडरला पूर्ण ओढ दिली की पॅड लाकडाला चिकटतं आणि गोल गोल ओरखडे पडतात, म्हणजे कमी स्पीडवर काम चांगलं आणि आवाजही कमी. टूल सुरू केलं की आपोआप सुरू होणारं सॉकेट असेल तर उत्तम, टूल बंद झाल्यावर काही सेकंद चालू राहून होज रिकामा करणारं. अँटिस्टॅटिक होज पण हवा, हिवाळ्यात साध्या होजचे झटके बसून बसून मी वैतागलेय.

आता दुसरा मार्ग असा की आहे तोच व्हॅक्यूम ठेवायचा, पुढे सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा आधीच खाली पाडणारं भांडं) बसवायचा आणि सगळं प्लायवूडच्या खोक्यात कोंडायचं, आत फोम लावून. सायक्लोनमुळे बराचसा भुसा फिल्टरपर्यंत पोचतच नाही हे खरं आहे, पण सगळ्यात बारीक धूळ त्यातूनही पुढे जातेच, त्यामुळे चांगला फिल्टर लागणारच. आणि खोक्यात मोटर तापून जळेल ही भीती आहे. बाहेर जाणाऱ्या हवेला वळणावळणाची वाट ठेवायची एवढं कळलंय, वाट किती रुंद ठेवायची ते कळत नाहीये.

ताजा कलम: प्रतिसादांत दोघांनी मशीन बाल्कनीत ठेवून लांब होज आत घ्यायला सुचवलंय. कल्पना चांगली आहे, पण लांब होजमध्ये ओढ कमी होते आणि बाल्कनी नेमकी शेजाऱ्यांच्या खिडकीला लागून आहे, आपला आवाज त्यांच्या घरात ढकलायला मन धजत नाही. मशीनखाली जाड रबरी मॅट घालायचं मात्र लगेच करणार, खालच्यांना हादरे कमी जातील. धन्यवाद!

फेस्टूल, माकिता, बॉश, निलफिस्क यांपैकी कुणाचंही एम वर्गाचं मशीन रात्री घरात चालवणारं कुणी असेल तर कमी स्पीडवर शेजारच्या खोलीत कितपत ऐकू येतं ते सांगा. फिल्टर आपोआप झटकणाऱ्या मॉडेलमध्ये मधेच ठक्‌ ठक्‌ आवाज येतो म्हणतात, तो बंद ठेवता येतो का? आणि ज्यांनी खोकं बनवलंय त्यांनी हवेच्या वाटेचं माप आणि मोटर सलग किती वेळ चालवता ते लिहा. होजबद्दल लिहिलंत तर व्यास आणि लांबी दोन्ही द्या, त्याशिवाय तुलना करता येणार नाही.