आदित्य सूर्याच्या जेमतेम १ टक्का जवळ गेलाय, मग एवढ्या लांब पाठवलाच कशाला?

गच्चीवरचा_दुर्बीणवाला
परवा लेकीला (आठवीत आहे) आदित्य एल१ (इस्रोचं सूर्याचा अभ्यास करणारं यान) बद्दल सांगत होतो, २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं वगैरे, तर बाईसाहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. सूर्य १५ कोटी किमी, यान १५ लाख किमी. म्हणे बाबा हे म्हणजे पुणे स्टेशनवरून मुंबईला निघायचं आणि संगम पुलाशीच मुक्काम ठोकायचा! उत्तर सुचेना हो. मे २०२४ मधे सूर्यावरचा तो मोठा डागांचा पुंजका मी ग्रहणाच्या चष्म्यातून गच्चीवरूनच बघितला होता, दुर्बीण पण लागली नाही. मग इतका खटाटोप कशासाठी? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

सूर्यफूल
लेक हुशार आहे पण दादा, जवळ जाणं हा मुद्दाच नाहीये. जवळ जायचं काम नासाच्या पार्कर यानाचं, ते २४ डिसेंबर २०२४ ला ६१ लाख किमीपर्यंत जाऊन आलं. आदित्यला अशी जागा हवी होती जिथे रात्रच होत नाही, पृथ्वी मधे कडमडत नाही, चोवीस तास सूर्य समोर. तुमच्या गच्चीवर संध्याकाळी सात नंतर काय दिसतं? आणि जून ते सप्टेंबर? दुसरं म्हणजे हवा. साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं अल्ट्राव्हायोलेट ओझोन गिळून टाकतो (बरंच आहे ते, नाहीतर आपण भाजलो असतो) त्यामुळे खालून कितीही भारी दुर्बीण लावा, तो सूर्य दिसणारच नाही. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने केलेली, आदित्यवरची 'सूट' नावाची दुर्बीण नेमकी २०० ते ४०० नॅनोमीटरमधे बघते, ११ फिल्टर आहेत, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला एक्स ६.३ चा (एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार वर्ग) जो दणदणीत फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा स्फोट झाला, तो तिने टिपलाय.

बेंचवरचा_शेवटचा
यान जिथे आहे त्या एल१ वर (सूर्य आणि पृथ्वीच्या मधला तो बिंदू) दोन्हीकडचं गुरुत्वाकर्षण सारखं होऊन शून्य होतं ना? मग तिथे नुसतं सोडून दिलं की झालं, इंधन कशाला लागतं

सूर्यफूल
हा गैरसमज सगळीकडे आहे. सूर्याची ओढ तिथेही खूप जास्तच असते. सूर्याच्या जवळ असलेली वस्तू खरं तर वर्षाच्या आत फेरी पूर्ण करून पुढे निघून जाईल, पण एल१ वर पृथ्वी मागून थोडी ओढते त्यामुळे तिची फेरी बरोबर आपल्याइतकीच, एका वर्षाची होते, म्हणून ती कायम आपल्या आणि सूर्याच्या मधे. आणि ही जागा म्हणजे डोंगराच्या धारेवर ठेवलेली गोटी, जरा हललं की घरंगळली, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून सावरावं लागतं. बरोब्बर एल१ वर थांबतही नाहीत, कारण मग पृथ्वीवरची अँटेना थेट सूर्याकडे करायला लागेल आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा आवाज बुडेल. म्हणून भोवती १७८ दिवसांची मोठी फेरी मारतं.

ध्रुवतारा_७२
अजून एक, आपल्याकडे बातम्यांमधे "सौर वादळाचा तीन दिवस आधी इशारा" असं छापतात ते अर्धंच खरं. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा ढग सुटला (तो पृथ्वीवर आदळला की वादळ) हे कळतं, तो यायला एक ते तीन दिवस लागतात हेही ठीक. पण त्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की उत्तरेकडे, हे तो अंगावरून जाईपर्यंत नीट कळत नाही, आणि सगळा खेळ तर तिथेच, दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून आत घुसतो, नाहीतर बराचसा घसरून जातो. आदित्यवर हे मोजणारी उपकरणं ६ मीटर लांब दांडीवर बसवलीत, यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाने माप बिघडू नये म्हणून. आता हिशोब करा, ढग सेकंदाला ७५० किमीने येतोय, मधे १५ लाख किमी, म्हणजे २००० सेकंद. हातात जेमतेम ३३ मिनिटं! म्हणजे तुमच्या लेकीच्या त्या संगम पुलावर बसवलेला पहारेकरी आहे हा 😄 मे २०२४ चं वादळ तुमच्याच त्या डागांतून आलं होतं, लडाखमधे हानलेला आकाश लाल दिसलं.

गच्चीवरचा_दुर्बीणवाला
पहारेकरी लगेच पटला तिला. मग सोहोचे फोटो दाखवले, सूर्य बघायला डिसेंबर १९९५ ला सोडलेलं यान, मधली सूर्याची तबकडी झाकलेली आणि भोवती प्रभामंडळ, त्यात लोकांनी घरबसल्या धूमकेतू शोधलेत, मार्च २०२४ ला ५००० वा सापडला हे ऐकल्यावर संपलंच सगळं. काल रात्री साडेअकराला ओरडत आली, सापडला सापडला. एका फोटोत पांढरी रेघ होती खरी. पुढचा फोटो लावला तर गायब, कॉस्मिक रे (अवकाशातून येणारा वेगवान कण) आपटला होता कॅमेऱ्यावर. तोंड एवढंसं झालं. आज शाळेतून आल्या आल्या परत लॅपटॉप घेऊन बसलीये, मला चहा पण स्वतःच करावा लागला.