बेसबॉलची मैदाने एकसारखी का नसतात? फेनवे पार्कच्या भिंतीवरून पडलेला प्रश्न

प्रश्न : काठावरचा

नमस्कार. नोकरीनिमित्त बॉस्टनला राहायला आल्यापासून मी बेसबॉल नियमितपणे पाहू लागलो आहे. खेळाचे नियम आता बऱ्यापैकी समजतात, परंतु मैदानांच्या रचनेचा उलगडा मात्र होत नाही. येथील फेनवे पार्कमध्ये होम प्लेटवरून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेवरून, पाहताना डाव्या बाजूला सुमारे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत उभी आहे, आणि उजव्या कोपऱ्यातले कुंपण मात्र जेमतेम कमरेएवढे आहे. दूरदर्शनवर दिसणाऱ्या इतर शहरांच्या मैदानांचे आकारही निरनिराळे असतात. क्रिकेटमध्येही सीमारेषा कमीअधिक अंतरावर असते हे खरे, पण तिथली दोरी आत-बाहेर सरकवता येते. भिंतीचे तसे नाही. एकाच स्पर्धेत एवढी तफावत कशी चालते, आणि खेळाडूंच्या विक्रमांची तुलना मग कशाच्या आधारावर करतात? जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय, पुढच्या महिन्यात फेनवेला प्रत्यक्ष सामना पाहायला जाणार आहे. कोठे बसावे हेही सुचवावे.

उत्तर १ : विटकाम

बेसबॉलच्या नियमांनी मैदानाचा आतला भाग इंचापर्यंत बांधून दिला आहे आणि बाहेरचा जवळजवळ मोकळा सोडला आहे. दोन बेसमधले, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या दोन थांब्यांमधले, अंतर ९० फूट आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, ही मापे बॉस्टनला जी तीच लॉस एंजेलिसला. कुंपण किती दूर असावे याविषयी मात्र १ जून १९५८ नंतर बांधायच्या व्यावसायिक मैदानांपुरता दंडक घातला गेला : दोन्ही कडांना किमान ३२५ फूट आणि मध्यभागी ४०० फूट. त्यातही सवलती दिल्या गेल्या आहेत, आणि फेनवे तर १९१२ सालचे आहे.

त्या काळातली मैदाने शहरातल्या मिळेल त्या भूखंडावर बसवलेली असत. फेनवेच्या डाव्या भिंतीला लागूनच लॅन्सडाउन स्ट्रीट आहे, त्यामुळे मैदानाला त्या बाजूला सरकायला वाव नव्हता. डाव्या कडेची सीमा दाखवणाऱ्या खांबापर्यंतचे अंतर अवघे ३१० फूट भरते. अंतराची ती उणीव भिंतीच्या उंचीने भरून काढलेली आहे. याचा खेळावर होणारा परिणाम मला फार विलोभनीय वाटतो. इतर मैदानांवर सहज झेलला गेला असता असा उंच उडालेला चेंडू येथे भिंतीवरून पलीकडे जाऊन होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ठरतो, आणि इतरत्र हमखास होम रन ठरला असता असा सपाट, सणसणीत फटका भिंतीवर आदळून परत मैदानात येतो. चेंडू कोणत्या जागी आदळला की कोणत्या दिशेने उसळेल, याचा अभ्यास डाव्या क्षेत्ररक्षकाला करावाच लागतो. बॉस्टनचे जुने डावे क्षेत्ररक्षक कार्ल यास्ट्रेम्स्की यांचे त्यातले प्रभुत्व आजही वाखाणले जाते. १९४७ मध्ये भिंतीवरच्या जाहिराती काढून तिला हिरवा रंग दिला गेला आणि २००३ मध्ये तिच्या माथ्यावर आसने बसवली गेली. भिंतीच्या तळाशी असलेल्या धावफलकावरचे आकडे अजूनही माणसे हाताने बदलतात.

उत्तर २ : ओसरी

वरील माहितीला मधल्या काळाची जोड द्यायला हवी, कारण हे वैविध्य एकदा जवळजवळ नाहीसे झाले होते. १९६० आणि १९७० च्या दशकांत अनेक शहरांनी बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांसाठी मिळून एकच गोलाकार, काँक्रीटचे स्टेडियम बांधले. पिट्सबर्ग, सिनसिनाटी आणि फिलाडेल्फिया येथील स्टेडियम्स आतून पाहिली तर आपण कोणत्या शहरात आहोत हे ओळखता येऊ नये, इतकी ती एकसारखी होती. फुटबॉलचे मैदान आयताकृती आणि बेसबॉलचे पंख्यासारखे पसरलेले. दोघांना सामावणाऱ्या वर्तुळात बेसबॉलचा प्रेक्षक खेळापासून दूर फेकला गेला.

या प्रवाहाला वळण मिळाले ते १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स या मैदानामुळे. तेथे रेल्वे कंपनीचे, हजार फुटांहून अधिक लांबीचे, विटांचे जुने गोदाम उभे होते. वास्तुरचनाकार जॅनेट मेरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते न पाडता उजव्या बाजूची पार्श्वभूमी म्हणून राखले, आणि मैदानाचा आकार त्या जागेला अनुसरून ठरवला. सॅन फ्रान्सिस्कोचे २००० मध्ये उघडलेले मैदान हा याच विचाराचा सर्वांत सुंदर आविष्कार आहे, असे माझे मत आहे. उजवीकडे खाडीच्या पाण्याने वाट अडवल्यामुळे अंतर ३०९ फुटांवर आले, म्हणून तेथे २४ फूट उंचीची विटांची भिंत बांधली. तेथील संघाचे थोर खेळाडू विली मेज यांच्या पोशाखावरचा क्रमांकही २४ होता. भिंतीवरून गेलेला चेंडू थेट पाण्यात पडू शकतो आणि तो टिपण्यासाठी लोक छोट्या होड्या घेऊन थांबलेले असतात. त्याच भिंतीत कमानी ठेवल्या आहेत, ज्यांतून पाण्याकाठी फिरायला आलेल्यांना तिकिटाविना काही काळ खेळ पाहता येतो. सार्वजनिक जागेविषयीचा हा आदर मला फार मोलाचा वाटतो.

मात्र जागेची निकड नसताना केलेला विक्षिप्तपणा मला मान्य नाही. ह्यूस्टनच्या मैदानात मध्यभागी, होम प्लेटपासून चारशेहून अधिक फुटांवर, मुद्दाम एक चढ रचला होता आणि त्यावर ध्वजस्तंभही होता. मागे धावत जाणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पायाखाली अचानक चढ यावा, ही रचना धोक्याचीच होती. २०१६ च्या हंगामानंतर तो चढ काढला, हे योग्यच झाले.

काठावरचा

दोघांचेही मनापासून आभार. विक्रमांच्या तुलनेचा प्रश्न मात्र अजून उरला आहे.

उत्तर ३ : मोजपट्टी

त्यासाठी मैदानाचा प्रभाव आकड्यांत मांडतात. एखाद्या संघाच्या घरच्या सामन्यांत दोन्ही बाजूंनी मिळून जेवढ्या धावा झाल्या, त्यांची तुलना त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांतील धावांशी केली जाते. हंगामातील १६२ सामन्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर होत असल्यामुळे तुलनेला पुरेसा आधार मिळतो, आणि हा गुणक लावून फलंदाजाची व पिचरची कामगिरी समपातळीवर आणता येते.

याचे टोकाचे उदाहरण डेन्व्हरचे कूर्स फील्ड आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर वसलेले आहे. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची एक जांभळ्या आसनांची रांग बरोबर एक मैलाची, म्हणजे ५,२८० फुटांची, पातळी दाखवते. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो आणि तो दूर जातो, तसेच पिचरने दिलेल्या फिरकीचा परिणामही घटतो. म्हणून रचनाकारांनी कुंपण बरेच मागे नेले. परिणामी मोकळी जागा वाढली आणि क्षेत्ररक्षकांमधून निसटून दोन-तीन बेस मिळवून देणारे फटके वाढले. म्हणजे एका बाजूला केलेला उपाय दुसऱ्या बाजूने धावा देऊन गेला. पुढे २००२ पासून चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवू लागले, कारण कोरडा चेंडू बॅटवरून अधिक उसळतो. आता सर्वच मैदानांवर चेंडू तसे साठवले जातात.

उत्तर ४ : विटकाम

आसनाविषयी : शक्य असल्यास पहिल्या बेसच्या बाजूचे तिकीट घ्यावे, म्हणजे हिरवी भिंत समोर दिसते. फेनवेचे छत लोखंडी खांबांवर उभे आहे आणि काही आसनांपुढे ते खांब आडवे येतात. तिकिटावर तशी सूचना असते, ती वाचूनच निवड करावी. तरीही या खांबांकडे केवळ दोष म्हणून पाहू नये. खांबांमुळे पूर्वी वरचा मजला खालच्या प्रेक्षकांच्या अगदी डोक्यावर, मैदानाजवळ आणता येई. खांब टाळणाऱ्या नव्या स्टेडियम्समध्ये तो मागे ढकलावा लागला. उजव्या बाजूच्या टोकाची काही आसने होम प्लेटऐवजी मैदानाच्या मध्याकडे तोंड करून आहेत, तेथे संपूर्ण सामनाभर मान वळवून बसावे लागते, म्हणून ती टाळलेली बरी.