वर्कस्टेशनवर सुडो द्यायचं, पण किती?

प्रश्न: सगळी वर्कस्टेशनं उबंटूवर (लिनक्सवर) आहेत. डेव्हलपर मंडळींना पॅकेज टाकायला, एक-दोन सर्व्हिस रीस्टार्ट करायला आणि नेटवर्क बदलायला अधिकार हवेत. सुडो म्हणजे रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने कमांड चालवायची सोय. कुणाला काय चालेल ते ठरवणाऱ्या सुडोअर्स फाइलमध्ये "सगळं चालेल, फक्त बॅश (कमांड घेणारा शेल) आणि एसयू (दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड) नको" असा नियम लिहिला तर भागेल का?

उत्तर १: नाही भागणार. बाकी सगळं रूट म्हणून चालवता येत असेल, तर बॅशची प्रत दुसऱ्या नावाने करायला किती वेळ लागतो? वगळायच्या कमांडची यादी करू नका, द्यायच्या कमांडची करा. प्रत्येक कमांड पूर्ण पाथसकट (फाइलचा पत्ता) आणि पूर्ण आर्ग्युमेंटसकट (कमांडपुढचे शब्द) लिहा. आर्ग्युमेंटमध्ये तारका (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकू नका, ती स्पेस आणि स्लॅशलाही जुळते. 'कॅट'ने मेसेजेस लॉग वाचायची परवानगी तारका लावून दिलीत, तर त्याच ओळीत पुढे शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश असलेली) जोडूनही वाचता येते.

व्हिम (एडिटर), लेस (फाइल वाचायचा प्रोग्राम) असे प्रोग्राम आतून शेल उघडू शकतात, सुडोने चालवले तर रूटचा. फाइल बदलायची असेल तर सुडोएडिट द्या, त्यात एडिटर वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालतो. सर्व्हिसचं 'स्टेटस' बघायला सुडो लागतच नाही, त्यामुळे फक्त 'रीस्टार्ट' आणि त्या सर्व्हिसचं नाव द्या.

उत्तर २: पॅकेजचा मुद्दा वेगळा काढा. 'एपीटी इन्स्टॉल' (उबंटूची पॅकेज टाकायची कमांड) मोकळं दिलं की रूट दिल्यातच जमा: स्वतः बनवलेली डेब फाइल (पॅकेजची फाइल) टाकली की तिच्यातली स्क्रिप्ट रूट म्हणून चालते. डॉकर (कंटेनर म्हणजे वेगळ्या कप्प्यात प्रोग्राम चालवणारं साधन) वापरू देणाऱ्या ग्रुपचंही तेच, होस्टची, म्हणजे मूळ मशीनची, मुळातली डिरेक्टरी (/) कंटेनरमध्ये माउंट केली, म्हणजे जोडली, की खेळ संपला. त्याऐवजी रूटशिवायचा पॉडमॅन (डॉकरसारखंच साधन) आणि वापरकर्त्यापुरतं फ्लॅटपॅक (अ‍ॅप टाकायची वेगळी पद्धत) द्या. उरलेली पॅकेजं अ‍ॅन्सिबलमधून (अनेक मशीन एका जागेवरून सांभाळणारं साधन) ढकला.

साध्या वापरकर्त्याने नेटवर्क बदललं की नेटवर्क मॅनेजर परवानगी पोलकिटला (परवानग्या ठरवणारी वेगळी सेवा) विचारतो, सुडोअर्सला नाही. पोलकिटचा नियम लिहावा लागेल. उबंटू २२.०४ वर तो जुन्या पद्धतीच्या पीकेएलए फाइलमध्ये जातो, २४.०४ वर जावास्क्रिप्टमध्ये.

प्रश्नकर्ता: सुडोच्या नियमाची फाइल सुडोअर्स-डी (सुडोअर्सच्या जादा फाइलींची डिरेक्टरी) मध्ये ठेवली, वापरकर्त्याच्या नावाने. काहीच फरक पडत नाही, एररही नाही.

उत्तर १: नावात टिंब आहे का? टिंब असलेली किंवा शेवटी टिल्डे (~) असलेली फाइल सुडो गुपचूप सोडून देतो. नाव बदला, परवानगी ०४४० (मालक आणि ग्रुपला फक्त वाचता येईल अशी) ठेवा. यापुढे व्हिसुडोनेच (सेव्ह करताना चुका तपासणारी कमांड) उघडा आणि बदल करताना दुसऱ्या टर्मिनलवर रूट शेल चालू ठेवा. एकाच कमांडला दोन नियम जुळले तर शेवटचा लागू होतो, म्हणून फाइलींची नावं १०, २०, ३० अशी सुरू केलेली बरी.

नियम माणसांच्या नावाने नको, ग्रुपच्या नावाने लिहा. ग्रुपमध्ये घालताना यूजरमॉड कमांडला मोठ्या जी-बरोबर छोटा ए (-aG) द्यायला विसरलात तर बाकीचे ग्रुप उडतात. आणि नवा ग्रुप पुन्हा लॉगिन केल्यावरच लागतो.

उत्तर २: ज्याला खरंच पूर्ण रूट लागतं त्याला तो द्या, पण सुडोचं लॉग-आउटपुट (कमांडने पडद्यावर दाखवलेलं सगळं नोंदवायची सोय) चालू करून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. स्थानिक लॉग तो पुसू शकतो. आणि ग्रबला (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) पासवर्ड, डिस्कला एन्क्रिप्शन आहे ना? नसेल तर बूटच्या ओळीत 'इनिट' (सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) बदलून, मशीनसमोर बसलेला कुणीही रूट होतो, सुडोअर्स कितीही काटेकोर असो.